हलू नका

सुपारी वाळत घातलीय तेवढी जागा सोडून
उरलेल्या खळ्यात तिपाई मांडतो.
साडेदहा. खारा वारा पडलाय,
मतलई अजून सुटायची आहे.
या दोन वाऱ्यांच्या मधल्या पाऊण तासात
हर्णैचं आकाश काय ते उभं राहतं,
एरवी बंदरावरच्या लिलावासारखं,
एका भावावर ठरत नाही.

नळीच्या तोंडावर दव धरतं
म्हणून बायकोची शेकायची पट्टी गुंडाळलीय.
तिची कंबर आज दुखत नाही,
असं ती म्हणते.

जिथं डोळा लावायचा तिथं कॅमेरा,
काडेपेटीएवढा. बटण नाही, खिडकी नाही,
एक वायर फक्त, लॅपटॉपपर्यंत.
पस्तीस वर्षं बाजारपेठेत स्टुडिओ चालवला,
पासपोर्ट, बारशी, लग्नं,
इतका मुका कॅमेरा हातात आला नव्हता.

स्क्रीनवर गुरू.
ओहोटीच्या डबक्यात तळाशी खेकडा दिसावा
आणि तेवढ्यात कुणी पाय बुडवावा, तसा.
"हलू नका," मी म्हणतो. सवय.
खरं तर तो हलत नाही, हलते मधली हवा.
फिरतो मात्र: एवढा थोरला देह,
दहा तासांत एक गिरकी,
म्हणून तीन मिनिटांवर घ्यायचं नाही,
पट्टे फासटतात.
तीन मिनिटं, सेकंदाला दीडशे,
सत्तावीस हजार फोटो
एकाच गिऱ्हाइकाचे, तेही उधारीवर.

मग मशीन निवडत बसतं,
बांगडे निवडावेत तसं,
ताठ वेगळे, दबलेले वेगळे.
नव्वद टक्के टाकायचे.
राहतील ते एकावर एक रचले
की पिकल्या केळीवरच्या चट्ट्यासारखा
तांबूस डाग वर येतो हळूहळू.
कुठल्याच एका फोटोत तो नसतो धड.

चांगुणा पावसे दिवाळीनंतर आली होती दुकानात.
पिशवीत पिशवी, तिच्यात फोटो,
कुणाच्या तरी लग्नातला घोळका.
मागच्या रांगेत तिचा हरेश,
बोटीबरोबर गेला तो.
"येवढं तोंड मोठं करून दे."
तोंड म्हणजे तांदळाचा दाणा, तोही पुसलेला,
ऐन वेळी मान वळवलीन त्यानं.

फोटो उलटा केला. मागे माझाच शिक्का.
मीच ओरडलो असणार, हलू नका,
मीच पाहिलं असणार एक जण हललेला.
छत्तीसच्या रिळात सप्तपदी राहिली होती,
पंगत राहिली होती, पाठवणी,
म्हणून दुसरा घेतला नाही.

एक फोटो.
रचायचा कशावर?
मोठा केला की पुसटपणाच मोठा होतो.
तरी केला. पैसे नको म्हटलं
तर रागावली, काउंटरवर ठेवून गेली.
जाताना दारातल्या उजेडात
लांब धरून पाहिला, मग जवळ.
"वळलाय बघ," म्हणाली,
"हाक मारली की असाच वळायचा."

झावळ हलली. मतलई.
गुरू पुन्हा उकळायला लागलाय,
खाली पाण्यावर बोटींचे पांढरे दिवे,
त्यांच्यापुढे तो काहीच नाही.
नळीवर जुनी उशीची खोळ चढवतो.
का कोण जाणे, टाकलेल्यातले
चार-दोन उघडून बघतो:
एकात तो लांबट, एकात कडेला कलंडलेला,
जसं कुणी मागून काही विचारलंय.

डिस्क भरलीय.
नको ते पुसू का, लॅपटॉप विचारतो.
झालं का तुमचं, आतून बायको विचारते.
दोघांना एकच सांगतो,
थांब जरा.